परिवलन संरचना, हलक्या अणुकेंद्रांची
अणुकेंद्राच्या एकूण परिवलनात (अंगभूत कोनीय संवेगात) त्यातील प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची परिवलने आणि त्यांचे कक्षीय कोनीय संवेग यांचा वाटा कसा विभागलेला असतो, त्या व्यवस्थेस अणुकेंद्राची परिवलन संरचना म्हणतात. ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन व एक न्यूट्रॉन) आणि हीलियम-३ (दोन प्रोटॉन व एक न्यूट्रॉन) यांत घटक थोडे असल्याने सैद्धांतिक गणित बऱ्याच अचूकपणे करता येते. त्यामुळे अणुकेंद्रीय प्रेरणांविषयीच्या कल्पनांची कसोटी या अणुकेंद्रांवर चांगली लागते.

ड्यूटेरॉन : याचे परिवलन १ आहे. दोन्ही घटकांची १/२ परिवलने केवळ समांतर असती व कक्षीय गती नसती, तर चुंबकीय परिबल घटकांच्या परिबलांच्या बेरजेइतके, म्हणजे २.७९३ − १.९१३ = ०.८८० अणुकेंद्रीय मॅग्नेटॉन भरले असते. प्रत्यक्षात ते ०.८५७ आहे. आय. आय. राबी, जे. एम. बी. केलॉग, एन. एफ. रॅम्झी व जे. आर. झकारिआस यांनी कोलंबिया विद्यापीठात १९३९ मध्ये रेणवीय शलाका अनुस्पंदन पद्धतीने ड्यूटेरॉनला विद्युत् चतुर्ध्रुवी परिबलही असल्याचे दाखविले. या पद्धतीत चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या रेणूंच्या शलाकेवर रेडिओ कंप्रतेचे क्षेत्र लावतात. ज्या कंप्रतांना परिवलनाची दिशा पालटते त्यांवरून परिबले काढता येतात. चतुर्ध्रुवी परिबल धन असल्याने ड्यूटेरॉन गोलाकार नसून परिवलनाच्या दिशेने किंचित लांबट आहे. केवळ अंतरावर अवलंबून असणाऱ्या प्रेरणेने हे घडू शकत नाही. प्रेरणा परिवलनांच्या दिशेवरही अवलंबून असली पाहिजे, हे यावरून सिद्ध झाले. अशा प्रेरणेमुळे ड्यूटेरॉनच्या तरंग फलनात कक्षीय कोनीय संवेग २ असलेल्या अवस्थेचा काही टक्के अंश मिसळतो.

प्रकीर्णनाच्या पद्धती : अंतर्भागातील वाटणी कळण्यासाठी इलेक्ट्रॉनांचे प्रकीर्णन वापरतात. ड्यूटेरॉनवरील स्थितिस्थापक प्रकीर्णन विद्युत् भार, चुंबकीय व चतुर्ध्रुवी अशा तीन घटकांवर अवलंबून असते. परंतु अध्रुवित शलाका व लक्ष्य यांच्या साहाय्याने दोनच स्वतंत्र राशी मिळतात. तिसरीसाठी ड्यूटेरॉनांचे ध्रुवण (परिवलने विशिष्ट दिशेस लावणे) करावे लागते किंवा प्रकीर्णनानंतर ते मोजावे लागते. घन लक्ष्यातील ध्रुवण अतिशीत तापमान, प्रबल चुंबकीय क्षेत्र व सूक्ष्मतरंग यांनी साधतात. हीलियम-३ वायूसाठी वर्तुळ ध्रुवित लेसर प्रकाशाने प्रथम रुबिडियमाच्या अणूंचे ध्रुवण करतात व टकरींतून ते हीलियमाकडे जाते.

न्यूट्रॉनाचे लक्ष्य : मुक्त न्यूट्रॉन सरासरी सु. १५ मिनिटांत क्षय पावत असल्याने त्याचे घन वा वायुरूप लक्ष्य करता येत नाही. हीलियम-३ मध्ये दोन प्रोटॉनांची परिवलने बहुतांशी परस्परविरुद्ध असतात, म्हणून त्याचे परिबल (−२.१२८) न्यूट्रॉनाच्या परिबलाच्या (−१.९१३) जवळपास येते. प्रोटॉनाच्या परिवलनात क्वार्कांच्या परिवलनांचा वाटा अपेक्षेहून पुष्कळच कमी असल्याचे यूरोपीय म्यूऑन सहयोग गटाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केल्यावर न्यूट्रॉनाचे मापन निकडीचे झाले. स्टॅनफर्ड येथील रैखिक प्रवेगक केंद्रात ध्रुवित हीलियम-३ वर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र हीलियम-३ मधील न्यूट्रॉनाचे प्रभावी ध्रुवण १०० नसून सु. ८६ टक्केच असते आणि प्रोटॉनांचेही अल्प विरुद्ध ध्रुवण उरते. ही दुरुस्ती अणुकेंद्राच्या परिवलन संरचनेवरूनच करावी लागत असल्याने त्या संरचनेतील अनिश्चितता न्यूट्रॉनाविषयीच्या निष्कर्षांतही उतरते.