ताटीआडचा राग

परमार्थाच्या मार्गाला लागलेल्या माणसाने रागलोभ पार गाळून टाकलेले असावेत, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ आहे की, एखाद्या साधकाचा आवाज जरासा चढला तरी त्याची सारी साधना फुकट गेली, असा निकाल देऊन लोक मोकळे होतात. पतंजलींनी चित्तवृत्तींचा निरोध हेच योगाचे लक्षण ठरविल्यामुळे या समजुतीला शास्त्राधार सापडतो खरा. परंतु ज्या वारकरी संप्रदायाने महाराष्ट्राच्या मनाची मशागत केली, त्याची रीत निराळी होती, आणि मला ती अधिक माणुसकीची वाटते.

मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांमागची कथा पाहावी. परंपरा असे सांगते की, कोणा निंदकाचे शब्द वर्मी लागून व्यथित झालेले ज्ञानदेव झोपडीत शिरले आणि ताटी लावून बसले. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगणारा पुरुषही दुखावला जातो, हे झाकून ठेवण्याची गरज संप्रदायाला कधी भासली नाही. बाहेर उभी असलेली धाकटी बहीण राग आल्याबद्दल त्यांचा धिक्कार करीत नाही, की काही घडलेच नाही असेही भासवीत नाही. दातांखाली आपलीच जीभ सापडली तर दातांना शासन कोण करतो, अशा घरगुती दाखल्याने ती एवढेच विचारते की, निंदक आणि निंदा सोसणारा हे एकाच ब्रह्माचे असतील, तर रागवायचे तरी कोणावर? पंडितांच्या सभेत वादासाठी वापरला जाणारा अद्वैतसिद्धांत इथे रुसवा काढण्याच्या कामी आला आहे. मला तर त्याचा हाच उपयोग खरा वाटतो.

दुसरी रीत याहून धीट आहे. काम, क्रोध, अभिमान आवरत नसतील तर तेही ईश्वराच्याच ठायी करावेत, असे नारदभक्तिसूत्रे सांगतात. नामदेव विठ्ठलावर रुसतात, भांडतात, आणि जनाबाई तर त्याला अशा शेलक्या शिव्या देते की सोवळ्या वाचकाने कानांवर हात ठेवावेत. घरच्या दुबळ्या माणसावर कोसळू पाहणारा संताप ज्याला तो सहज सोसवेल त्याच्या दारी नेऊन टाकायचा, यात केवढे व्यावहारिक शहाणपण आहे!

दुःखाची गोष्ट मात्र नुसत्या भांडणाने भागत नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. हा शोक त्यांनी अभंगांत स्वमुखाने सांगितला. पण महिपतींनी लिहिलेल्या चरित्रानुसार ते तेवढ्यावर थांबले नाहीत. वडिलार्जित सावकारीचे कर्जरोखे धाकट्या भावाबरोबर निम्मे वाटून घेऊन आपल्या हिश्शाचे दस्तऐवज त्यांनी इंद्रायणीत टाकले, आणि त्यांच्यापुरता कुळांच्या मागचा वसुलीचा तगादा कायमचा मिटला. ज्याच्या घरात भुकेने माणूस गेले, त्याला दुसऱ्याच्या घरातली भूक रोख्यावरच्या आकड्याआडून दिसू लागली असावी, असा माझा तर्क आहे.

कीर्तनात डोळे भरून येणे म्हणजेच भक्ती, असा समज होण्याचा धोका या भावनाप्रधान मार्गात आहेच, आणि बुवाबाजीने त्याचा पुरेपूर फायदाही उठविला आहे. संप्रदायाने त्यावर बंदोबस्त केला तो नेमाचा: गळ्यात तुळशीची माळ, नित्य हरिपाठ, एकादशीचा उपास आणि आषाढी-कार्तिकीची वारी. मन उचंबळलेले असो वा कोरडे ठणठणीत असो, या नेमात सवलत नाही.