साठ हजारांत बसणारा पीसी

२०२४ च्या मे महिन्यात दहावीचा निकाल लागला आणि संध्याकाळी भाचा पेढे घेऊन आला. पेढा हातावर ठेवता ठेवताच म्हणाला, "मामा, आईने हो म्हटलंय. पीसी घ्यायचा. गेमिंगवाला." मागोमाग बहिणीचा फोन आला. "दादा, आरडीचे साठ हजार आलेत. त्याच्यावर एक रुपया नाही. आणि पुढे कॉलेजला लागेल तेव्हा अभ्यासालाही चालला पाहिजे." मेहुणे भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करतात. ते साठ हजार कसे साठले ते मला माहीत होतं. म्हणून त्या रात्री मी वही घेऊन बसलो.

ओळखीपाळखीच्यांसाठी मी बरीच वर्षं पीसी जुळवून देतो आहे. मीरा-भाईंदरमध्ये अशा मुलांना तोटा नाही. वन बीएचकेच्या हॉलमध्ये, शोकेसच्या बाजूला अडीच फुटांचं टेबल, त्यावर पीसी आणि मागे टीव्हीवर मालिका चालू. त्या मुलांच्या हातात यादी असते ती कुठल्या तरी व्हिडिओवरून उतरवलेली, आणि ती नेहमी प्रोसेसरपासून सुरू होते. माझं म्हणणं असं की यादी उलट्या टोकाने लिहावी. आधी गेम कुठले, मग मॉनिटर कुठला, मग ग्राफिक्स कार्ड, आणि उरलेल्या पैशांत बाकीचं सगळं.

हे का, ते थोडं सांगतो. स्क्रीनवरचं चित्र ठिपक्यांचं असतं. फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला साठ चित्रं काढायची तर ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला जवळजवळ साडेबारा कोटी ठिपके रंगवावे लागतात. फोर-के मॉनिटरवर ठिपके बरोबर चौपट होतात. म्हणजे मॉनिटर ठरला की कार्डावर किती ओझं पडणार तेही ठरलं. मर्यादित पैशांत फुल एचडी हीच आपली पायरी. त्यावर उड्या मारायला गेलं की प्रत्येक भाग महाग होत जातो.

गेमही दोन जातीचे असतात. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धेच्या गेममध्ये चित्र साधं असतं, पण ते भरभर बदलावं लागतं. तिथे प्रोसेसरचा कस लागतो. सायबरपंक २०७७ सारख्या गेममध्ये पावसाने ओला झालेला रस्ता, त्यात पडलेली दिव्यांची प्रतिबिंबं, हे सगळं ग्राफिक्स कार्डाच्या मानेवर बसतं. आणि काही गेम दोघांनाही फारसा त्रास देत नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये आणलेला 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा त्यातला. दुर्गेचं वरदान लाभलेली एक मुलगी भावाला शोधायला निघते अशी त्याची गोष्ट. मी प्रत्येक मुलाला तो खेळायला सांगतो. आपल्या पुण्यात असं काम होतं हे त्यांना कळायला हवं, आणि साधारण पीसीवरही तो छान चालतो.

भाच्याला व्हॅलोरंट हवा होता आणि "कधीतरी जीटीए". मग वहीत पहिली ओळ आली मॉनिटरची : २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनल, १६५ हर्ट्झ. साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर साधारण सतरा मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, १६५ चा सहा मिलिसेकंदांनी. माउस हलवला की हा फरक हातालाच कळतो. अंदाज ९,३०० रुपये. दुसरी ओळ ग्राफिक्स कार्डाची. एएमडीचं आरएक्स ६६००, ८ जीबीचं, २०,५००. त्या किमतीत तेव्हा एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० ही मिळत होतं, पण निव्वळ वेगात ६६०० सरस. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा एका कार्डाला गेला, तो मुद्दाम जाऊ दिला.

प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा कोअर, ११,०००. इंटेलचा आय३-१२१००एफ घेतला असता तर तीनेक हजार वाचले असते आणि गेमही चालले असते. पण त्याला चारच कोअर, आणि हा पीसी कॉलेजची चार वर्षं काढायचा होता. मदरबोर्ड बी४५० चा, ६,५००. मात्र रॅमचे चार खाचे असलेला. दोन खाच्यांचा हजारभर स्वस्त मिळतो आणि बहुतेक जण तोच उचलतात. रॅम १६ जीबी, आठ-आठच्या दोन पट्ट्या, ३,४००. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी ३,२००. एसएमपीएस ३,८००. कॅबिनेट २,६००. बेरीज ६०,३००. वरचे तीनशे घासाघीस करून सुटतील असा हिशेब. कीबोर्ड-माउस घरात जुने होते.

आता एसएमपीएसवर मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त रडारड तिथेच होते.

घरातली २३० व्होल्टची वीज १२ व्होल्टवर आणून मशीनला पुरवणारा हा लोखंडी डबा. तो दिसत नाही, त्याने गेमचा वेग वाढत नाही, म्हणून पैसे कमी पडले की पहिली कात्री त्यालाच लागते. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस तर सगळ्यांना आवडतो. त्याच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरांत ५०० वॉट लिहिलेलं असतं. पण खाली बारीक कोष्टक असतं, ते वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बाराने गुणा. असाच एक मी हातात घेतला होता, त्यावर १८ अँपिअर होते. म्हणजे २१६ वॉट. हेच त्याचं खरं बळ. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॉट खातं, प्रोसेसर पाऊणशे, त्यात पंखे, एसएसडी, मदरबोर्ड. खेळ रंगात आला की बेरीज अडीचशेच्या पुढे जाते. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर पंचेचाळीसच्या आसपास आकडा असतो. एटी प्लस ब्राँझची खूण असेल तर आणखी बरं, विजेचा अपव्यय कमी.

माझा स्वतःचा पहिला गेमिंग पीसी असाच गेला. फुकटचा एसएमपीएस होता. पावसाळ्यातल्या एका रात्री टक् असा आवाज झाला, जळक्या बेकलाइटचा वास आला आणि मशीन बंद. एसएमपीएस गेला तो गेलाच, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. त्या वेळी मला पुन्हा उभं राहायला आठ महिने लागले. म्हणून भाच्याच्या यादीत त्या ३,८०० वर मी कुणाला बोट ठेवू दिलं नाही. बहिणीलासुद्धा.

खरेदी कुठे करायची? मीरा रोड आणि भाईंदरमध्ये दुकानं आहेत, पण मोठी खरेदी म्हटलं की अजूनही पाय लॅमिंग्टन रोडकडे वळतात. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव त्या रस्त्याला होतं. पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. तिथून जवळच्या ग्रँट रोड स्टेशनला फक्त धीम्या गाड्या थांबतात. म्हणून भाईंदरहून चर्चगेट फास्ट पकडून मुंबई सेंट्रलला उतरावं आणि चालत जावं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. पहिल्याच दुकानात सगळं घेऊ नका, पण दहा ठिकाणीही फिरू नका. तीन दुकानांत पूर्ण यादी टाकून भाव लिहून घ्यावा आणि ज्याचं बोलणं स्वच्छ आहे त्याच्याकडे बसावं.

स्वच्छ बोलणं म्हणजे काय? पहिला प्रश्न : प्रोसेसर बॉक्सचा की ट्रेचा? बॉक्सच्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेचा सुट्टा येतो, त्याची वॉरंटी दुकानदार किंवा आयातदार देईल तेवढीच. दुसरा : जीएसटीचं बिल, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर. बिलाशिवाय १८ टक्के वाचतात हे खरं, पण दोन वर्षांनी कार्ड बंद पडलं तर तो कागदच तुमचा वकील. तिसरा : ह्या बोर्डाचं बायोस ह्या प्रोसेसरला ओळखतं का? बी४५० चे जुने बोर्ड रायझन ५००० मालिकेच्या आधी बनलेले आहेत. बायोस अपडेट केलेलं नसेल तर घरी आल्यावर स्क्रीन काळीच राहते आणि मुलाला वाटतं आपणच काहीतरी मोडलं. दुकानातच अपडेट करून घ्यावं.

एसएमपीएस आणि मॉनिटर मात्र मी मीरा रोडला घेतले. तीन-चारशे रुपये जास्त गेले. बिघडले तर जड खोकी लोकलमधून परत न्यायला नकोत, एवढाच विचार. बाकीचं सामान आम्ही दुपारच्या गाडीने, लगेजच्या डब्यातून आणलं. कोळणींच्या रिकाम्या पाट्यांशेजारी भाचा कॅबिनेटचं खोकं दोन्ही हातांनी धरून उभा होता. बोरिवलीला जागा झाली तरी बसला नाही.

हातात साठ हजार नसतील तर? २०२४ च्या भावात चाळीस असले तरी वाट होती. रायझन ५ ५६००जी घ्यावा. त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे. व्हॅलोरंट त्यावर व्यवस्थित चालतो. पुढच्या दिवाळीला कार्ड घालता येतं. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्यात. एसएमपीएस पहिल्याच दिवशी पुढच्या कार्डाला पुरेल असा घ्यावा, आणि रॅमची एक मोठी पट्टी न घेता दोन सारख्या घ्याव्यात, कारण पोटातलं ग्राफिक्स रॅमच्याच जोरावर चालतं. दोन पट्ट्या म्हणजे दुहेरी रस्ता. या प्रोसेसरची कॅशे ५६०० च्या निम्मी, १६ एमबी, त्यामुळे नंतर कार्ड घातल्यावर तो थोडा मागे राहतो. तो तोटा धरूनही मला ही वाट पटते. कर्ज काढून घेतलेल्या पीसीपेक्षा दोन हप्त्यांत वाढलेला पीसी घरात सुखाने राहतो.

जुन्या मालाबद्दल. २०२१ मध्ये क्रिप्टो चलनाच्या खाणकामासाठी ग्राफिक्स कार्डं गोण्यांनी उचलली गेली आणि आपल्या मुलांना दुप्पट भावातही मिळेनात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांवरचं खाणकाम तिथे संपलं आणि ती सगळी कार्डं बाजारात आली. त्यातली काही अजून फिरतात. जुनं कार्ड घ्यायला हरकत नाही, पण ते समोर अर्धा तास पूर्ण ओझ्यावर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पंख्याची घरघर ऐकावी, तापमान पाहावं, स्टिकरवरचा नंबर बिलाशी जुळवावा. ऑफिसातले जुने डेस्कटॉप स्वस्त मिळतात तेव्हा प्रोसेसर कितव्या पिढीचा ते विचारावं. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटही चालू लागतं.

रॅमचे चार खाचे का मागितले होते ते पुढे कळलं, पण उलट बाजूने. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी ओढून घेतली. रॅमच्या किमती दुपटीच्या पुढे गेल्या. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने आपला क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाच्याचे दोन खाचे रिकामे होते आणि त्याला ३२ जीबी करायची घाई झाली होती. मी म्हटलं, थांब. १६ मध्ये तुझं काहीच अडलेलं नाही. बोर्ड बदलावा लागणार नाही, खाचे कुठे पळत नाहीत.

जुळवणी आम्ही घरीच केली. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला. एएम४ च्या प्रोसेसरला पिना खालून असतात, केसाएवढ्या बारीक. सोन्याचा त्रिकोण त्रिकोणावर आणला की तो आपल्या वजनाने खाली बसतो, दाबायचा नसतो. भाच्याने तो सोडला आणि श्वास रोखून बघत राहिला. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाच्यात. मग मॉनिटरची केबल त्याने सवयीने मदरबोर्डच्या मागे लावली आणि चित्र आलं नाही. ही चूक जवळजवळ प्रत्येक घरी होते. केबल खाली, कार्डाच्या तोंडात लावायची. चित्र आल्यावर बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी चालू केलं, नाहीतर ३२०० ची रॅम मुकाट्याने कमी वेगाने धावते. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० चे १६५ हर्ट्झ केले. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे १६५ चा मॉनिटर दोन वर्षं ६० वरच चालला.

बहिणीचा प्रश्न बिलाचा होता. खेळताना मॉनिटरसकट सुमारे ३०० वॉट. रोज तीन तास धरले तर महिन्याला २७ युनिट. तिने तो आकडा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आणि तास तीनवरून दोनवर आणले.

आपल्याकडे एक गोष्ट जास्त सांभाळावी लागते. उत्तरेला खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मधे मिठागरं. हवा खारट आणि दमट, त्यात चोहीकडे चाललेल्या बांधकामांची धूळ. ही धूळ कोरडी राहत नाही, हीटसिंकच्या पट्ट्यांत चिकटून बसते. शिवाय पंख्याचा कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. खोलीत ३४ अंश असतील तर एसीच्या २४ अंशांच्या खोलीपेक्षा प्रोसेसरही साधारण दहा अंश गरम राहणार. म्हणून कॅबिनेट घेताना समोर काचेचं नको, जाळीचं हवं. ते भिंतीला चिकटवू नये, जमिनीवर ठेवू नये, खाडीकडच्या खिडकीखाली तर नकोच.

दिवाळीच्या साफसफाईत हल्ली त्या घरी माळा, पितळेची भांडी आणि मग पीसी असा क्रम लागतो. मेन स्विच बंद करून, वायर काढून भाचा कॅबिनेट गॅलरीत नेतो आणि बाजूचा पत्रा उघडतो. मेहुणे गाळ्यातून आणलेला मऊ ब्रश घेऊन बसतात. पहिल्या वर्षी त्यांनी ब्लोअर थेट पंख्यावर मारला तेव्हा पातं गरगरा फिरलं. भाच्याने पटकन बोट घातलं आणि म्हणाला, "बाबा, पातं धरून ठेवायचं. असं फुकट फिरवलं की बेअरिंग जातं." आता ते एका हाताने पातं धरतात, दुसऱ्या हाताने ब्रश फिरवतात, भांड्याच्या काठावरून पॉलिशचा हात फिरवावा तसा, आणि धूळ गॅलरीतून खाली उडत जाते.