जुना रुपया विकण्याआधी

फुलचूरसारख्या गावात जुनी पेटी उघडली, की एखादा राणीछाप रुपया हाती लागतो. तो तसाच विकावा, की आधी त्याची प्रत ठरवून घ्यावी? आपण हिशेब करून पाहू.

प्रत ठरवणे म्हणजे काय? जाणकार लोक नाणे तपासतात. खरे की खोटे, किती झिजले, ते पाहतात. मग प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून वर प्रत लिहून देतात. याची फी पडते. टपालखर्च निराळा.

हा रुपया वजनाने एक तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया तर निकेलचा. झिजलेल्या किंवा माळेसाठी कडी लावलेल्या साध्या रुपयाला बहुधा चांदीचाच भाव येतो. त्याच्यासाठी फी भरणे म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!

पण साल दुर्मिळ असेल, अक्षरे ठसठशीत असतील, तर फी भरावी. गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, भावही चढतो. मात्र आधी दोन जाणकारांना दाखवा.

नाणे चिंचेने, राखेने घासू नका. आम्ही हौसेने एक घासले. चकाकी आली, पण मोल गेले.

कोणी फोनवर म्हणेल, "लाख रुपये देतो, आधी कमिशन पाठवा." एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँक असा व्यवहार करीत नाही, कमिशनही मागत नाही. तिने २०२१ मध्ये लोकांना तसे बजावले आहे.

म्हणून बाबांनो, आधी पारख, मग हिशेब, मगच विक्री.