शाळेतली खिचडी का उरते?



आमच्या बचत गटातल्या आम्ही चौघी जणी गावच्या शाळेत दुपारचा आहार शिजवतो. मध्यंतरी रोज निम्मं पातेलं उरायला लागलं. मीठ कमी पडतंय की भात गचका होतोय, काही कळेना. एके दिवशी शाळेची मागची बाजू झाडायला गेलो, तर तिथं रिकाम्या पुड्यांचा ढीग! पोरं घरून पाच-दहा रुपये आणत होती, येता येता पुडी घेत होती आणि जेवायच्या वेळी त्यांना भूकच नसायची. पैसे कोण देत होतं? आम्हीच की!

पुडीतल्या खाऊत मीठ आणि तेल भरपूर, प्रथिनं अगदी थोडी. पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. उलट शाळेच्या ताटाला सरकारी माप आहे. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे धान्य 100 ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य 20 ग्रॅम, भाजी 50 ग्रॅम आणि तेल 5 ग्रॅम. सहावी ते आठवीला हेच माप दीडपट. आता हिशोब करा. पाचवीपर्यंतची 40 मुलं जेवणार असतील, तर 800 ग्रॅम डाळ आणि दोन किलो भाजी पातेल्यात पडायलाच हवी. पाव किलो बटाट्यावर भागवलं, तर ती लेकरांची भाजी गेली.

हे बघायला आपण जाऊ शकतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. मुलांना वाढण्याआधी शिक्षक आणि मोठ्या माणसांनी अन्नाची चव घ्यायची, असाही नियम आहे. शिवाय जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायला 2020 च्या नियमांनी मनाई आहे.

आम्ही दुकानदाराशी भांडलो नाही. पालकसभेत पुड्यांचा ढीगच मांडला. सगळ्यांनी मिळून ठरवलं, शाळेत जाताना पैसे द्यायचे नाहीत. द्यायचेच तर भाजके शेंगदाणे, फुटाणे, नाहीतर पेरू द्यायचा. मुलांच्या हात धुण्याचं पाणी वळवून परसबाग केली. त्यात पालक, मेथी, चवळी आणि दोन शेवगे लावले. स्वतः पेरलेला पालक खिचडीत दिसला की पोरं ताट पुढं करतात. वरून लिंबू पिळतो, म्हणजे भाजीतलं लोह अंगी चांगलं लागतं.

भूक लागायला खेळही हवा. पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज तासभर तरी पळापळ हवी. लंगडी, खो-खो, लगोरी, दोरीच्या उड्या, यांना खर्च येत नाही. मुलगा खेळत राहतो आणि मुलीला मात्र पाण्याला, नाहीतर धाकट्याला सांभाळायला हाक जाते. तो तास तिचाही आहे, मैत्रिणींनो.

आता पातेलं रिकामं होतं. कधीमधी उरतं, तेव्हा आम्ही आधी विचारतो, आज कुणाच्या घरून पैसे आले? तुम्हीही या आठवड्यात गटातल्या दोघी मिळून जेवणाच्या वेळी शाळेत जा. चव घ्या, भाजी किती पडली ते बघा आणि किती उरलं तेही बघा.