गादीवर लहान पोर, कारभार भलत्याच्याच हातात : आपल्या नगरची निजामशाही

एपिसोड ऐकायला वेळ नाही, लिहून द्या, असे बरेच मेसेज आले. तर हे घ्या.

नगर म्हटलं की सगळ्यांना चांदबीबी आठवते. डोंगरावर जो ‘चांदबीबी महाल’ म्हणून आपण फोटो काढतो, तो खरं तर मुर्तजा निजामशाहाचा वजीर सलाबत खान याचा मकबरा आहे. मला हे फार बोलकं वाटतं, कारण या राज्यात सुलतानापेक्षा वजीरच भारी असायचे.

सुरुवात दमदार झाली. बहामनी वजिराचा मुलगा मलिक अहमद याने २८ मे १४९० ला भिंगारजवळ बहामनी फौज हरवली आणि १४९४ मध्ये सीनेकाठी शहर वसवायला घेतलं. पण तो १५१० मध्ये गेला तेव्हा मुलगा बुऱ्हाण होता फक्त ७ वर्षांचा. म्हणजे दुसऱ्याच पिढीत कारभार वजिराकडे. बुऱ्हाण मोठा झाला, टिकला. त्याच्या काळात नगरात ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ आज विजापुरात आहे. त्याचा मुलगा हुसेन याने भुईकोट दगडात बांधला, १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत तो होता.

खरा घोळ पुढे. १५८८ मध्ये मुर्तजाला त्याच्याच मुलाने मारलं, आणि वर्षभरात त्या मुलालाही मारलं. १५८८ ते १६०० या बारा वर्षांत गादीवर एकामागून एक नवे जण! सर्व्हर चालू, पण ॲडमिन रोज नवा. एकाला तर बसवल्यावर कळलं की तो राजघराण्यातलाच नाही. दरबारातल्या भांडणात मियाँ मंजूने मदतीला चक्क अकबराचा मुलगा मुराद याला बोलावलं. मुघल नगरला आले ते असे, आमंत्रणावरून.

हुसेनची मुलगी चांदबीबी तेव्हा विजापूरची विधवा राणी होती. तिने तान्ह्या बहादूरच्या नावाने किल्ला लढवला. सुरुंगाने तट फुटला तो रातोरात बुजवला. १५९६ च्या तहात वऱ्हाड गेलं, नगर वाचलं. १६०० मध्ये पुन्हा वेढा पडला. ती मुघलांशी बोलणी करतेय अशी आवई उठली आणि आपल्याच लोकांनी किल्ल्यात तिचा जीव घेतला. थोड्याच दिवसांत किल्ला पडला, बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

इथे बहुतेक पुस्तकं थांबतात, पण राज्य थांबलं नाही. मलिक अंबरने नवा निजामशहा उभा केला आणि १६२६ पर्यंत मुघलांना झुंजवलं. १६२४ ची भातवडीची लढाई आपल्याच जिल्ह्यातली. त्याच्यानंतर १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवांची हत्या झाली. १६३३ मध्ये दौलताबादही पडलं, तिथला पोरगा निजामशहा पुन्हा ग्वाल्हेरला.

आणि गंमत बघा, त्याच लखुजींचे जावई शहाजीराजे यांनी संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीवर मुर्तजा नावाचं आणखी एक पोर गादीवर बसवलं! तीन वर्षं शहाजीराजांनी त्याच्या नावाने राज्य चालवलं. १६३६ मध्ये माहुलीला शहाजहानची फौज भिडली, तह झाला, पोर मुघलांच्या हवाली गेलं. शहाजीराजे विजापूरच्या नोकरीत गेले. तेव्हा शिवबा सहा वर्षांचे होते.