पदवीधर बेकार, अडाणी कामाला?

बारावीचे निकाल लागले की एक वाक्य हमखास कानावर येतं: “शिकलेलेच जास्त बेकार आहेत, न शिकलेला निदान पोटापाण्याला तरी लागतो.” लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवर, व्हॉट्सअॅपच्या गटांत ते फिरतं आणि अलीकडे त्याला आकड्याचं बळही मिळालं आहे. आकडा खोटा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांच्या २०२४ च्या भारतीय रोजगार अहवालानुसार, २०२२ साली १५ ते २९ वयाच्या पदवीधरांमध्ये बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांमध्ये अवघा ३.४ टक्के. जवळपास नऊपट. पण यावरून ‘कॉलेजवर घातलेला पैसा पाण्यात’ असा निष्कर्ष काढणं साफ चूक आहे. ही चूक इतक्या ठामपणे आणि इतक्या वेळा केली जाते की ती एकदा मुळापासून तपासायलाच हवी.

मुळात बेरोजगार कोणाला म्हणतात? हे दर सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून काढले जातात. त्यात बेरोजगार म्हणजे हाताला काम नसलेला, पण काम शोधणारा किंवा मिळालं तर करायला तयार असलेला माणूस. कॉलेजात शिकणारा मुलगा यात येत नाही, फक्त घर सांभाळणारी बाईही येत नाही. उलट घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारा रोजगारातच धरला जातो. समजा, एका घरातला थोरला नववीत शाळा सोडून वडिलांच्या तीन एकरांवर राबतो आहे. पेरणी-काढणीला दिवसभर काम, एरवी बसून, आणि स्वतःची म्हणावी अशी कमाई शून्य. धाकटी बहीण बी.कॉम. होऊन तलाठी भरतीची तयारी करते आहे. सर्वेक्षणाचा माणूस दारात आला की थोरल्याची नोंद ‘रोजगारात’ होणार आणि बहिणीची ‘बेरोजगार’. २०२३-२४ च्या सर्वेक्षणात देशातल्या एकूण काम करणाऱ्यांपैकी १९.४ टक्के लोक असे घरच्या उद्योगातले बिनपगारी मदतनीस होते आणि नियमित पगारावरचे होते २१.७ टक्के. तेव्हा कमी बेरोजगारी म्हणजे बरी कमाई, असं धरून चालता येत नाही. ज्याच्या घरात उद्याच्या भाकरीची सोय नाही, त्याला काम शोधत बसणं परवडतच नाही. तो मिळेल त्या मजुरीला जातो आणि आकड्यात ‘कामाला लागलेला’ दिसतो.

दुसरी गोष्ट वयाची, आणि ती तर जवळजवळ कोणीच लक्षात घेत नाही. शाळेचं तोंड न पाहिलेला तरुण बाविसाव्या वर्षी किती तरी वर्षं कामावर असतो. त्याच वयाच्या पदवीधराच्या हातात नुकतीच गुणपत्रिका पडलेली असते. दोघांना एकाच दिवशी मोजलं तर काय दिसणार? अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या ‘स्टेट ऑफ वर्किंग इंडिया २०२३’ या अहवालाने पदवीधरांचे वयानुसार गट पाडले. २०२१-२२ मध्ये पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत बेरोजगारी ४२.३ टक्के होती, आणि वयाच्या पस्तिशीनंतर ती पाच टक्क्यांच्या आत आली. व्हॉट्सअॅपवर यातला पहिला आकडा फिरतो, दुसरा नाही. अर्थात पस्तिशीत मिळालेलं काम शिक्षणाला साजेसं असतंच असं नाही, आणि ही शंका त्या अहवालानेही नोंदवली आहे. पदवी आणि पहिलं काम यांच्यामधली ही लांबलेली वर्षं फार महागात पडतात. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या वर जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. या पदासाठी पदवी लागते, म्हणजे हे सगळे अर्जदार पदवीधर. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये पाच-पाच वर्षं काढणाऱ्या मुलांचं दुःख खरं आहे. पण त्यातून दिसते ती चांगल्या नोकऱ्यांची टंचाई. ती पदवीच्या माथी मारून मुलांना अकरावीतच कॉलेज सोडायला सांगितलं, तर एकही जागा वाढणार नाही. अर्ज करायची पात्रता मात्र जाईल.

यावर एक विचारी आक्षेप आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. कॉलेजात जाणारी मुलं मुळातच बऱ्या घरची, हुशार, ओळखीपाळखीची असतात. ती शिकली नसती तरी जास्तच कमावती झाली असती, मग श्रेय पदवीला कशासाठी? जॉर्ज साखारोपुलस आणि हॅरी पॅट्रिनोस यांनी २०१८ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे कमाई सरासरी नऊ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पण तुलनेतली ही अडचण अशा आकड्यालाही लागू पडते. पुढे २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले डेव्हिड कार्ड यांनी १९९० च्या दशकात ती सोडवायचा प्रयत्न केला. अमेरिकेत ज्यांच्या गावाजवळ कॉलेज होतं अशा मुलांची आणि ज्यांच्याजवळ नव्हतं अशांची त्यांनी तुलना केली. केवळ जवळ कॉलेज असल्यामुळे जास्त शिकलेल्यांचा लाभ नेहमीच्या अंदाजापेक्षा कमी न भरता उलट जास्त भरला, आणि सर्वांत जास्त फरक गरीब घरांतल्या मुलांना पडत होता. तिथला निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येणार नाही, पण ‘सगळं घराण्याचंच श्रेय’ हे म्हणणं त्यापुढे टिकत नाही. दुसरा आक्षेप असा की कॉलेजात शिकवत काहीच नाहीत, पदवी म्हणजे मालकाला दाखवायचा नुसता शिक्का. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये हा विचार नीट मांडला आणि त्यात तथ्य आहे. तरीही ज्या मुलाला त्या शिक्क्याशिवाय दारातच अडवलं जातं, त्याच्या दृष्टीने तो मिळवणं गरजेचंच ठरतं. कॉलेजं नीट शिकवत नसतील तर ती सुधारायला हवीत. त्याची किंमत गरिबाच्या मुलाने शिक्षण सोडून का मोजावी?

मग कोणतीही पदवी, कोणत्याही भावाने घ्यावी का? मुळीच नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सर्वसाधारण शिक्षणावर, शाळा धरून, विद्यार्थ्यामागे वर्षाला सरासरी सुमारे ८,३०० रुपये खर्च होत होते, तर तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणावर सुमारे ५०,०००. अनुदानित कॉलेजातली बी.एस्सी. आणि एखाद्या खासगी संस्थेतली लाखोंची पदवी यांना एकाच तराजूत तोलून ‘कॉलेज परवडतं का’ असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. प्रवेशाच्या मोसमात चौकाचौकांत ‘सर्वाधिक पॅकेज’चे फ्लेक्स लागतात. त्यावर एका विद्यार्थ्याचा फोटो आणि त्याचाच पगार असतो. पालकांनी विचारायचं ते वेगळं: गेल्या वर्षी किती जण पास झाले, त्यातल्या किती जणांना काम मिळालं, आणि बरोबर मधल्या विद्यार्थ्याचा पगार किती? उत्तर देता येत नसेल तर जमीन गहाण टाकून तिथे प्रवेश घेऊ नये. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी १९८७ च्या कायद्याने बंद आहे, तेव्हा पावती न देता मागितलेलं ‘डोनेशन’ बेकायदाच.

बाकी काही समज थोडक्यात. ‘बिल गेट्सने कॉलेज सोडलं होतं’: हार्वर्डमधला प्रवेश त्याने आधी मिळवला होता, आणि १९६८ मध्ये त्याच्या शाळेत संगणकाचं टर्मिनल होतं. ‘आयटीआय नापासांसाठी’: चांगल्या ट्रेडचा आयटीआय सुमार पदवीपेक्षा लवकर हातात पैसा देतो, आणि पुढे डिप्लोमाची वाटही उघडी असते. ‘मुक्त विद्यापीठाची पदवी चालत नाही’: मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. ‘ऐंशी टक्के इंजिनिअर नोकरीच्या लायकीचे नाहीत’: हा आकडा नोकरीसाठीच्या चाचण्या विकणाऱ्या एका कंपनीच्या अहवालातला आहे आणि किती जणांना नोकरी लागली हे तो सांगतच नाही. ‘शैक्षणिक कर्जाला नोकरी लागेपर्यंत व्याज नसतं’: हप्ता थांबतो, व्याज-अनुदानाच्या योजनेत बसत नसाल तर व्याज साठत राहतं.

‘शिकून काय उपयोग’ हे वाक्य सर्वांत आधी मुलींना ऐकवलं जातं, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. मुलाच्या बाबतीत निवड कॉलेज आणि काम यांत असते. तिच्या बाबतीत ती पुष्कळदा कॉलेज आणि बोहलं यांत असते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. वसतिगृह आणि मेसचा खर्च उरतोच. तो जमवताना घरात खल होणार असेल तर तो जरूर व्हावा, पण त्यात २९.१ टक्क्यांचा दाखला देऊन तिचं नाव कॉलेजातून काढू नये.