आजोळ गोड का?

'भाऊबंद' या शब्दाला नुसती 'की' जोडली की मराठीत भांडण उभे राहते. पेशव्यांच्या घरातील कलहावर खाडिलकरांनी १९०९ साली नाटक लिहिले, तेव्हा त्यांना नावासाठी दूर जावे लागले नाही. मामेभावांच्या किंवा मावसभावांच्या भांडणासाठी मात्र भाषेने असा शब्द घडवला नाही. बालगीतातली आगगाडीसुद्धा काकाच्या नव्हे, मामाच्या गावाला जाते.

हा गोडवा आपल्यापुरताच नाही. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९२४ साली आफ्रिकेच्या दक्षिण भागातील मामा-भाच्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तिथल्या थोंगा लोकांत भाचा मामाच्या घरात शिरून त्याच्यासाठी शिजवलेले अन्न खाऊन टाकतो आणि कोणी रागावत नाही. त्यांचा उलगडा असा: बाप म्हणजे धाक आणि आई म्हणजे लाड, आईशी वागण्याची रीत पुढे तिच्या भावालाही लागू होते.

हे पटते, पण आपल्याकडे ते पुरेसे नाही. आपल्याकडे त्याखाली सातबारा आहे. चुलतभावांचा बांध एक, विहीर एक, वाटणी एक. मामाच्या जमिनीवर भाच्याची नजर नसते, कारण आईने तिथला वाटा मागितलेलाच नसतो. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या हिश्श्यात मुलगी वारस झाली. महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींना, तर २००५ साली केंद्राने सर्वच मुलींना जन्मतः सहदायाद मानले. तरीही बाप वारला की दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणींच्या सह्यांची हक्कसोडपत्रे होतच राहतात.

बहीण सही का करते? बावळट असते म्हणून नव्हे. तिचा हिशेब आयुष्यभराचा असतो. जावळाला मूल मामाच्या मांडीवर बसते. लेकीच्या लग्नात तिला बोहल्यावर मामा आणतो. सासरी जड गेले तर परतायला एक दार लागते. मेल्यावर अंगावर माहेरची साडी यावी, अशी आमच्या बाजूच्या बाया अजूनही बोलून दाखवतात. भाऊ तुटला तर यातले एकेक काम अडते. जमीन सोडून ती हे सगळे राखते. आजोळच्या गोडव्याची किंमत अशी आधीच चुकती झालेली असते आणि भाच्यांना तिचा पत्ता नसतो. कायद्याने नाती नासवली म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझे जमत नाही. ती टिकवण्याचा खर्च एकीच्याच नावावर पडत होता, एवढेच कायद्याने उघड केले.

मला हे पुस्तकांतून फार उशिरा कळले. माझे आजोबा १९८३ साली गेले. आत्याने सही केली, वडिलांनी तिला साडी-चोळी केली. पुढे माझ्या मुलीच्या बारशाला तिच्या कानात नाव सांगायला माझी बहीण नव्हती. ते आत्यानेच सांगितले. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा ती चार महिने आमच्याकडे राहिली. त्यांची पाठ रोज ती पुसायची. मी तिला 'आपली आत्या' म्हणायचो आणि हे सारे तिच्या स्वभावात जमा करायचो.

या लेखासाठी कागद चाळताना ते हक्कसोडपत्र सापडले. त्यात 'राजीखुशीने' हा शब्द दोनदा आहे. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. मी तिला विचारले, "तू खरंच राजीखुशीनं सही केली होतीस का?"

ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "दादानं सांगितलं इथं कर, मी केली. मला विचारलं कुणी होतं?" मग सूप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "तू पहिलाच."